तुझा विषय तुझ्या प्रश्नाच्या शेवटच्या ओळीत आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी २७ वर्षांची, वेंगुर्ल्यात एका पतपेढीत नोकरीला. सुट्टी रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी. हातात कॅननचा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा, जुना डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स. दोन वर्षं किनारे, किल्ले, होड्या, सूर्यास्त असं काढते आहे. कौतुक होतं, पण तिला स्वतःला आता सगळे फोटो एकसारखे वाटायला लागले आहेत. एखादा स्वतःचा प्रकल्प हाती घ्यायचा आहे. तीन विषय मनात आहेत: समुद्रकिनारा, दशावतार हे कोकणातलं रात्रभराचं लोकनाट्य, आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून केलेली मासेमारी. साठवलेले ६० हजार रुपये आहेत. त्यात हप्ते घालून मोठ्या सेन्सरचा, फुलफ्रेम कॅमेरा घ्यावा का, असंही विचारलंय. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की शनिवारी सकाळचा चांगला उजेड हातचा जातो, कारण आत्याला काजूच्या कारखान्यावर सोडायला जावं लागतं. आत्या तिथं २२ वर्षं काम करते.

तुझे चाळीस फोटो मी दोनदा बघितले, एकदा मोबाइलवर आणि एकदा मोठ्या स्क्रीनवर. हात चांगला आहे. उजेड कुठून येतो ते तुला कळतं, चौकटीत नको ते फारसं शिरत नाही. निवतीच्या किनाऱ्यावर जाळं शिवत बसलेला म्हातारा मला आवडला. तू आणखी पाच पावलं पुढे गेली असतीस तर जास्त आवडला असता. आता फोटो एकसारखे का वाटतात ते सांगतो. चाळीस फोटो जवळजवळ तीस ठिकाणचे आहेत. एका जागी तू फार तर दोनदा गेली आहेस. पहिल्या भेटीत सगळ्यांना जे दिसतं तेच आपल्यालाही दिसतं, मग हातात कुठलाही कॅमेरा असो. प्रकल्प म्हणजे माझ्या लेखी एवढंच: जिथं चाळीस वेळा परत जाता येईल अशी जागा आणि चाळीस वेळा परत जायची तयारी. विषय निवडताना ‘हा दिसायला किती सुंदर आहे’ हे मी शेवटी विचारतो. ‘इथं मला पावसात, परीक्षेच्या दिवसांत, पाहुणे आलेले असताना जाता येईल का’ हे आधी.

हे मला कोणी शिकवलं नाही, रापणीवर कळलं. १९९८ साली मी मालवणात एका फोटो स्टुडिओत कामाला होतो. लग्नं, मुंज, पासपोर्ट. पहाटे मोकळा असायचो, तेव्हा किनाऱ्यावर रापण ओढताना फोटो काढायचो. तुला माहीतच आहे, होडीतून जाळं अर्धवर्तुळात सोडत नेतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं दोन रांगांत ओढत आणतात. काम दोन-तीन तासांचं. तिरकी झुकलेली शरीरं, ताणलेला दोर, मागे लाटा. फोटो आपोआप चांगले येतात. मी महिनाभर तेच काढत होतो. एके दिवशी टोपली घेऊन बसलेल्या एका बाईने विचारलं, “तू फोटो काढतंस, ते जातत खंय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते कुठंच जात नव्हते, माझ्या पाकिटात राहत होते.

त्या आठवड्यात पगारातून मी अकरा फोटोंचे प्रिंट काढले आणि नेऊन दिले. ती बाई बराच वेळ एकाच फोटोकडे बघत होती. मला वाटलं, तिला स्वतःचा चेहरा आवडला. तिने बोट ठेवलं ते दोराच्या अगदी टोकाला उभ्या असलेल्या, अर्ध्या कापल्या गेलेल्या माणसावर. तो तिचा दीर. दोन दिवसांपूर्वीच गोव्याला ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला होता. “ह्येचो अख्खो फोटो नाय?” म्हणाली. नव्हता. मी त्याला कडेला कापला होता, कारण माझ्या रचनेत तो बसत नव्हता. त्या दिवसापासून फोटो काढताना कडेला कोण उभं आहे ते मी बघतो.

प्रिंट दिल्यावर माणसं बोलायला लागली. कोणी सांगायचं, “उद्या फाटफटी ये, वारो पडतलो.” कोणी जाळ्याला हात लावू द्यायचं. आणि तिसऱ्या वर्षी कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी ज्याच्यासाठी धावत होतो ते ओढणं म्हणजे रापणीचा दिखाऊ भाग. खरी घटना त्यानंतर घडते, वाटे घालताना. तारली, बांगडा, पेडवे वाळूवर पसरले जातात, ढीग केले जातात, आणि तोवर आरडाओरडा करणारी सगळी माणसं गप्प होतात. सगळ्यांचे डोळे त्या ढिगांवर. तेव्हा पोझ नसते, कॅमेऱ्याकडे लक्ष नसतं. माझे रापणीचे जे आठ-दहा फोटो आजही मला बरे वाटतात त्यातले सहा वाट्यांच्या वेळचे आहेत. पहिल्या महिन्यात ते माझ्यासमोरच घडत होतं, पण मासे जाळ्यातून बाहेर आले की मी कॅमेरा आवरून चहाला जायचो.

म्हणून तुला सांगतो, तुझ्या तीन विषयांच्या आधी तुझ्या आत्याकडे बघ.

वेंगुर्लं आणि काजू हे नातं तुला मी सांगायला नको. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात हे झाड इकडे आणलं. १९५७ पासून वेंगुर्ल्यात फळ संशोधन केंद्र आहे. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या तिथल्या जाती आज कोकणभर बागांतून दिसतात. बागेचे, बोंडूचे (काजूच्या फळाचे), ओल्या काजूच्या उसळीचे फोटो भरपूर निघतात. पण बी फोडणाऱ्या बायकांचे फोटो मला फार थोडे दिसले आहेत, आणि जे दिसले ते बहुतेक बाहेरच्या माणसाने एका दुपारात काढलेले. तू तिथं दर पंधरा दिवसांनी जातेस. दारापर्यंत जाऊन परत फिरतेस.

मी एका कारखान्यात कामानिमित्त दोन दिवस गेलो होतो, माहितीपत्रकासाठी फोटो हवे होते म्हणून. वाफवून सुकवलेली बी कापायला बायका ओळीने यंत्रांवर बसतात. पायाने दांडा दाबला की दोन पाती बीला धरतात, हाताने दांडी फिरवली की टरफल उघडतं, गर टोकदार सळीने बाहेर. हे सगळं होतं तोवर तुझ्या डोळ्याची पापणी एकदा लवते. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून बायका बोटांना तेल चोळून बसतात. तरीही बोटं काळी पडतात आणि ती काळी बोटं पुढच्या दालनात पांढराशुभ्र गर हाताळणाऱ्या बोटांपेक्षा वेगळी दिसतात. एका बाईने मला सांगितलं की लग्नकार्यात जेवायला बसताना ती उजवा हात पदराखाली ठेवते. मला माहितीपत्रकासाठी हसरे चेहरे हवे होते, तेवढे काढून मी निघालो. तो पदराखालचा हात मी काढला नाही, आणि परत गेलोही नाही. याची मला आजही खंत आहे.

तुला तिथं दार अर्धं उघडं आहे. सुरुवात कशी करशील? पहिले दोन शनिवार कॅमेरा पिशवीतून काढू नकोस. आत्याबरोबर आत जा, बस, बघ. मालकाची परवानगी लागेल. ती तूच माग, आत्याला मध्ये घालू नकोस, कारण तिची नोकरी तिथं आहे. मालकाला स्पष्ट सांग की हे जाहिरातीसाठी नाही आणि बदनामीसाठीही नाही, वर्षभर अधूनमधून येईन, फोटो बाहेर दाखवण्याआधी तुम्हाला आणि बायकांना दाखवीन. खाण्याचा माल आहे, तेव्हा केसांना टोपी, हात धुणं, चपला बाहेर, जे काही नियम असतील ते बायकांइतकेच तूही पाळ. आणि मालकाने हो म्हटलं म्हणजे बायकांनी हो म्हटलं असं होत नाही. प्रत्येकीला वेगळं विचार. एखादी नाही म्हणाली तर तिच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही, ती पाठमोरी असली तरी.

आत्या पहिल्यांदा म्हणेलच, “माझो फोटो कित्याक काढतंस?” तिला पटवत बसू नकोस. तिच्या हातांचे, डब्याचे, तेलाच्या बाटलीचे फोटो काढ आणि पुढच्या खेपेला प्रिंट दे. चेहऱ्याला वेळ लागतो.

आता फोटो कुठं कुठं आहेत ते बघ. सकाळी निघताना ती स्कूटरवर मागे बसते, तिथून तुझा प्रकल्प सुरू होतो. वाटेत आणखी बायका चालत असतील. कारखान्याच्या अंगणात वाळत घातलेली बी, तिच्यावरून पाय ओढत केलेल्या रेघा. आत उजेड एका बाजूच्या खिडक्यांतून येत असणार आणि वर ट्यूबलाइट. दुपारचा डबा, त्यात काय आहे, कोण कोणाला काय देतं. संध्याकाळी वजन: बऱ्याच ठिकाणी मजुरी किलोवर ठरते, तेव्हा काट्याकडे बघणारे डोळे चुकवू नकोस, माझ्या वाट्यांसारखेच ते आहेत. सालपटं काढायला छोटी सुरी. मग प्रतवारी: डब्ल्यू १८०, डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२०. तो आकडा म्हणजे एका पौंडात साधारण किती गर बसतात ते. आकडा लहान तितका गर मोठा आणि महाग. पाकळी आणि तुकडा वेगळे. घरी आल्यावर आत्या हात कशाने धुते? तिच्या स्वतःच्या घरात काजू कोणत्या दर्जाचा येतो? हे प्रश्न वहीत लिही. मी अशा वहीला फोटोइतकीच किंमत देतो. तारीख, बाईचं नाव तिच्या सांगण्याप्रमाणे, तिच्या तोंडचा शब्द. दहा वर्षांनी फोटो राहतो आणि शब्द गेलेला असतो.

ऋतूही सांभाळ. नवी बी मार्च ते मे येते, तेव्हा अंगणं भरलेली असतात. जून-जुलैत वाळवण बंद होतं, आतला उजेड मऊ आणि राखाडी होतो. चेहऱ्यांसाठी मला तो वर्षातला सर्वात चांगला उजेड वाटतो. आपल्याकडे लोक पावसात कॅमेरा कपाटात ठेवतात आणि ऑक्टोबरात काढतात. त्यात वर्षाचा सगळ्यात चांगला उजेड जातो.

एका विषयावर वर्षानुवर्षं राहिलेली माणसं बघायची असतील तर आपल्याच भाषेत आहेत. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांवर असंच दीर्घ काम केलं आहे. आणि किनाऱ्यावरच्या माणसाने अमेरिकन छायाचित्रकार युजीन स्मिथ यांचं मिनामाताचं काम बघावंच. जपानमधलं मासेमारांचं गाव, कारखान्याच्या सांडपाण्यातल्या पाऱ्याने माशांतून माणसं विषबाधित झाली. स्मिथ आणि त्यांची पत्नी आयलीन १९७१ पासून तीन वर्षं तिथं राहिले. ते फोटो बघताना उजेडाकडे नंतर बघ. आधी हे बघ की घरात शिरायला त्यांना किती विश्वास लागला असेल.

दशावताराचा विचार सोडून दे असं मी म्हणत नाही. पण तो आत्ता पहिला विषय म्हणून घेऊ नकोस. आता जत्रांचे दिवस आहेत, रात्रभर नाटक, पहाटे संपणार, दुसऱ्या दिवशी तुला पतपेढीत बसायचंय. आणि रंगवलेला चेहरा, आरसा, मुकुट हे फोटो इतक्या लोकांनी काढले आहेत की त्यातून सुटायलाच वर्ष जाईल. तरी गेलीस तर कोणाला तरी सोबत घेऊन जा, आणि रंगमंचापेक्षा टेम्पोकडे लक्ष ठेव. कपड्यांच्या पेट्या उतरवणं, देवळाच्या पडवीत झोपलेले नट, स्त्रीपात्र करणारा माणूस सकाळी दाढी करून एसटीची वाट बघतोय. तांत्रिक गोष्ट एकच, पण महत्त्वाची: आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे बरेचसे दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात. शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेव. १/२५० वगैरेला गेलीस की फोटोत आडवे पट्टे आणि रंगाचे बदल दिसायला लागतात, एलईडीखाली तर जास्तच. कारखान्यातल्या ट्यूबलाइटलाही हेच लागू.

किनारा मात्र चालू ठेव, रियाजासारखा. आठवड्यातून एक तास. एक गणित तुला उपयोगी पडेल. कोळी लोक तिथीवरून भरती काढतात: तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की मुंबईकडची पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. आपल्याकडे दक्षिणेला ती थोडी आधी होते. याचा फोटोसाठी अर्थ असा की पुनवेला आणि अवसेला आपल्याकडे भरती अकराच्या आसपास आणि ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाचच्या आसपास. त्यातही उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप मागे जातं. म्हणजे नेमक्या सोनेरी उजेडात रुंद, ओली, आरशासारखी वाळू मिळते. अष्टमीला त्याच वेळी भरती असते, वाळूचा पट्टा अरुंद होतो. तुझे किनाऱ्याचे सगळे फोटो संध्याकाळचे आहेत. सकाळी जा. आपला समुद्र पश्चिमेला, सकाळचा उजेड माडांच्या मागून येतो आणि परतणाऱ्या होड्यांवर, माणसांच्या तोंडावर समोरून पडतो. संध्याकाळी त्याच माणसांच्या काळ्या सावल्या होतात. आणि हिवाळ्यात वायंगणीच्या किनाऱ्याकडे कासवांच्या वेळी गेलीस तर फ्लॅश आणि टॉर्च दोन्ही बंद. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राची वाट चुकतात.

आता पैशांचं.

फुलफ्रेम घेऊ नकोस. निदान या वर्षी नाही, आणि हप्त्यावर तर मुळीच नाही. नवा बॉडी घेतलास की त्याला शोभेल अशी लेन्स लागेल, आणि दर महिन्याला हप्त्याची आठवण येऊन तू लग्नांच्या ऑर्डरी घ्यायला लागशील. शनिवार तिथंच जातील. मी स्वतः त्या वाटेने गेलो, सहा वर्षं स्वतःचं काम बाजूला पडलं. तुझा कॅमेरा वर्षभराच्या प्रकल्पाला पुरेसा आहे. त्याचे मेगापिक्सेल कमी वाटतात म्हणतेस; बारा बाय अठराचा प्रिंट त्यातून आरामात निघेल, आणि त्याहून मोठा प्रिंट तुला इतक्यात लागणार नाही.

अडचण आहे ती लेन्सची. १८-५५ लेन्स ५५ला एफ ५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त). कारखान्याच्या आतल्या उजेडात ते कमी पडतं. तुझ्या कॅमेऱ्यासाठी २४ एमएम एफ २.८ ही छोटी, बिस्किटासारखी चपटी लेन्स मिळते. क्रॉप सेन्सरवर तिचा दृश्यकोन साधारण ३८ एमएमचा होतो, म्हणजे माणूस आणि त्याची जागा दोन्ही एका चौकटीत येतात. मुख्य म्हणजे ती कॅमेऱ्यावर दिसतच नाही, बायका दचकत नाहीत. दुसरी ५० एमएम एफ १.८. ती ५.६ च्या मानाने दसपट उजेड घेते. तुझ्या कॅमेऱ्यावर ती ८० एमएमसारखी वागते, चेहऱ्यांना आणि हातांना चांगली. दोन्ही सेकंडहँड घे, पण समोर बसून तपास: मागून मोबाइलचा टॉर्च मारून काचेत जाळी-धागे दिसतात का बघ. किनारपट्टीवरच्या लेन्समध्ये बुरशी ही नेहमीची गोष्ट आहे. एकच घ्यायची तर २४ घे. तीन महिने तीच लाव. दूर वाटलं तर पुढे जा. तो निवतीचा म्हातारा आठव.

कारखान्यात सुरुवात अशी कर: रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल, आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता, १६००, एफ २.८, शटर १/१००. चालणारी बोटं थोडी हलतील, हलू देत. पाती स्थिर आणि बोटं धूसर असा फोटो कामाचा वेग सांगतो. खिडकीचा उजेड निळसर आणि ट्यूबचा हिरवट, दोन्ही एका चेहऱ्यावर पडले की कातडी आजारी दिसते. अशा वेळी तू जागा बदल, खिडकी बाजूला घे. रंग जुळलेच नाहीत तर कृष्णधवल कर, पण चुकलेला फोटो झाकण्यासाठी प्रत्येक वेळी कृष्णधवलकडे धावू नकोस.

फ्लॅश, ट्रायपॉड, ड्रोन यावर सध्या एक रुपयाही नको.

उरलेल्या पैशांतून आधी कोरडा डबा. कोकणात कॅमेरा पडून फुटण्यापेक्षा दमटपणाने जास्त मरतो. पावसात हवेतला ओलावा ८०-९० टक्क्यांवर असतो आणि बुरशीला ६०-६५ पुरतो. २००४ सालच्या शिमग्यानंतर मी माझी ८०-२०० लेन्स चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली आणि गणपतीत काढली. आतल्या काचेवर कोळ्याचं जाळं पसरावं तशी बुरशी. साफ करून घेतली, पण काचेचा लेप खरवडला गेला होता. उजेडासमोर तिचे फोटो कायमचे फिके झाले. चामडं आणि कापूस ओल धरतात, त्यात लेन्स कधीही ठेवू नकोस. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा मोठा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० च्या मध्ये ठेव. रंग बदलणारं सिलिका घे, भरलं की कळतं. लोखंडी तव्यावर मंद आचेवर परतलं की पुन्हा वापरता येतं. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस, तांदळाची पूड बटणांत जाते. पैसे साठले की विजेवरचं ड्राय कॅबिनेट. आणि सर्वात स्वस्त उपाय म्हणजे दर आठवड्याला वापरणं.

किनाऱ्यावरून आल्यावर सुती फडकं गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळ, बॉडी आणि लेन्सचं नळकांडं पुसून घे, मग कोरड्या फडक्याने. काच आधी ब्लोअरने फुंक, मगच पुस. मिठाचा कण काचेवर घासला गेला की ओरखडा पडतो. यूव्ही फिल्टरवर इतरत्र लोक वाद घालतात, समुद्राकाठी तो लावावाच. वाळूवर लेन्स बदलू नकोस. पतपेढीच्या एसीतून थेट बाहेर कॅमेरा काढलास तर काचेवर दव धरेल. पिशवीची चेन बंद ठेवून वीस मिनिटं थांब.

दुसरा खर्च हार्ड डिस्कचा, दोन. माझं रापणीचं फिल्मवरचं काम अजून शाबूत आहे, पण डिजिटलची पहिली तीन वर्षं एका डिस्कवर होती आणि ती डिस्क एका सकाळी सुरूच झाली नाही. त्यात एका तांडेलाचा, होडीच्या प्रमुखाचा, शेवटचा फोटो होता. त्याचा मुलगा मागायला आला तेव्हा मला तोंड दाखवायची लाज वाटली. तीन प्रती ठेव, त्यातली एक दुसऱ्या घरात. तुझ्या मैत्रिणीच्या कपाटात ठेवलीस तरी चालेल.

तिसरा खर्च प्रिंटचा, आणि हा मी सगळ्यात वर लिहायला हवा होता. दर महिन्याला सहा बाय चारचे तीस प्रिंट. कुडाळ-सावंतवाडीत कुठंही निघतात. निम्मे बायकांना वाटायचे, निम्मे तुझ्याकडे. तुझे रात्री जमिनीवर पसर आणि चार दिवस तसेच राहू देत. येता-जाता दिसत राहिले की कुठला फोटो थकतो आणि कुठला थांबवतो ते कळतं. मोबाइलवर ते कळत नाही, तिथं आपण पुढे सरकवत राहतो. सहा महिन्यांनी तुझ्याकडे नव्वद प्रिंट होतील, त्यातले चाळीस वेगळे काढ. वर्षाच्या शेवटी पंधरा उरले तर वर्ष चांगलं गेलं. एकाच प्रकारचे दोन फोटो असतील तर एकच ठेव, दोन्ही कितीही आवडले तरी. काढून टाकलेले फेकू नकोस. मी वाट्यांचे पहिले फोटो तीन वर्षं बाद डब्यात ठेवले होते.

हे सगळं चालू असताना दोन-तीन महिन्यांनी एक काळ असा येईल की तिथं काढण्यासारखं काही उरलं नाही असं वाटेल. सगळे हात काढून झाले, सगळ्या खिडक्या काढून झाल्या. माझं दर कामात असं होतं. अशा शनिवारी कॅमेरा घेऊन जा आणि नुसती मदत कर, टोपल्या उचल, चहा दे. फोटो नाही निघाला तरी चालेल. त्यानंतरच्या एक-दोन भेटींत बहुतेक वेळा काहीतरी वेगळं दिसतं, कारण तोवर तू नेहमीच्या जागेवरून हललेली असतेस.

आजच्या घडीला तुझ्याकडे नोकरी आहे, ठरलेला शनिवार आहे, आणि आत नेणारी आत्या आहे. माझ्याकडे तुझ्या वयात यातलं पहिलंही धड नव्हतं. मार्चमध्ये नवी बी यायला लागली की तोवरचे प्रिंट घेऊन एका रविवारी मालवणला ये. माझ्या टेबलावर पसरून बघू. आत्याला बरोबर आण. कुठल्या फोटोत हात खरा दिसतोय आणि कुठल्यात खोटा, ते मला सांगता येणार नाही, तिला येईल.